दुकान बंद झालं तरी कार्डाचं व्याज थांबत नाही

दादाचं कोल्हापुरातलं पडद्यांचं दुकान बंद झालं. व्यापाऱ्यांची देणी, गाळ्याचं भाडं, सगळं कसंबसं मिटवलं आणि मागे राहिली तीन क्रेडिट कार्डं, कारण शेवटी शेवटी माल कार्डावरच उचलला जात होता. लोक म्हणतात दिवाळं काढून मोकळं व्हा, पण आपल्याकडे ते एवढं सोपं नाहीये. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना, बाकीच्यांसाठी अजून १९०९ आणि १९२० चे इंग्रजांच्या काळातले कायदे. म्हणजे भरण्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि भरायचं तर मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान भरायची रक्कम, भरून काहीही होत नाही, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. दादाचं स्टेटमेंट घेऊन मी हिशोब मांडला. १ लाख बाकी, महिन्याला पावणेचार टक्के म्हणजे ३,७५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६७५, झाले ४,४२५. पाच हजार भरले तर मुद्दलातून गेले फक्त ५७५ रुपये! वर्षाचा दर ४५ टक्के पडतो. शिवाय बाकी असताना त्याच कार्डावर किराणा घेतला तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज. म्हणून पहिलं काम, कार्ड वापरणं बंद. कोर्ट दर कमी करेल म्हणून थांबू नका, ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज चुकीचं ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मग वहिनीने स्वतःहून पाटल्या काढून दिल्या. गोल्ड लोन कार्डाच्या पाव दराच्या आसपास मिळालं, त्यातून दोन कार्डं पूर्ण भरली. सोनं गहाण टाकताना जीवावर आलं, आई तर बोललीच नाही दिवसभर, पण ४५ टक्क्यांच्या पुढे दुसरा काय इलाज होता. तिन्हींचे दर जवळपास सारखेच होते म्हणून लहान रकमेची आधी घेतली, निदान त्या बँकांचे फोन तरी थांबले.

फोनवरून आठवलं. एक एजंट रात्री नऊला आईच्या मोबाईलवर फोन करायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, नातेवाइकांना छळणं तर नाहीच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत.

तिसऱ्या बँकेने सेटलमेंटची ऑफर दिलीय, अर्ध्यात मिटवा म्हणे. आम्ही नाही म्हणालो, कारण मग सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि दादाला पुढे पुन्हा धंद्यासाठी कर्ज हवंय. त्याऐवजी बाकीचं ईएमआयमध्ये करून मागितलंय. भरलेल्या दोन कार्डांचं नो ड्यूज लेटर, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, मात्र घेतलं, आणि कार्ड बंद करायचा अर्जही दिला, कारण बाकी काही नसेल तर बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर रोजचे ५०० रुपये तिने आपल्याला द्यायचे.