रोममधला अर्ध्या तासाचा रस्ता

कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्ही सगळं करून झालं, गर्दी भयंकर, पाय गेले कामातून, फोटो इन्स्टावर टाकलेत ते बघा. मला लिहायचंय ते टायबर नदीकाठच्या जुन्या ज्यू गेटोबद्दल, म्हणजे ज्यूंना सक्तीने राहायला लावलेल्या वस्तीबद्दल.

तिथे सान ग्रेगोरिओ नावाचं छोटंसं चर्च आहे. दारावर येशूच्या क्रूसाचं चित्र आणि त्याखाली हिब्रू अन् लॅटिनमध्ये मोठ्ठा मजकूर. चर्चवर हिब्रू कशाला, म्हणून मोबाईलवर शोधलं तर यशया संदेष्ट्याचं वचन निघालं, मी दिवसभर हात पसरून उभा आहे पण ही प्रजा हट्टी, ऐकत नाही, अशा अर्थाचं. म्हणजे ज्यूंच्याच ग्रंथातलं वाक्य, त्यांच्याच लिपीत, त्यांनाच टोमणा म्हणून! १५५५ मध्ये पोपने त्यांना या गल्ल्यांत कोंडलं आणि नंतर वर्षानुवर्षं जबरदस्तीने प्रवचनांना बसवलं, धर्म बदला म्हणून. खरं सांगते, डोकंच फिरलं माझं. शेजारी एक ग्रुप आइस्क्रीम खात सेल्फी काढत होता, त्यांच्यावरही उगाच चिडले.

समोरच सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १९०४ चं. घुमट मुद्दाम चौकोनी, चर्चशी गल्लत नको म्हणून. व्हॅटिकनपासून इथे चालत फार तर अर्धा-पाऊण तास, आणि तेवढं अंतर यायला पोपना १९८६ उजाडलं! १३ एप्रिलला जॉन पॉल दुसरे आले, मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलिओ तोआफ यांना मिठी मारली आणि ज्यूंना आमचे थोरले भाऊ म्हणाले. त्याआधी १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात कॅथलिक चर्चने येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही असं लिहून दिलं होतं. इतकं साधं वाक्य लिहायला एवढी शतकं, आणि मधे १६ ऑक्टोबर १९४३, याच गल्ल्यांतून नाझींनी माणसं उचलली, हजारावर लोक ऑशविट्झच्या छळछावणीत गेले, परत आले १६.

गेटोत तळलेलं आर्टिचोक खाल्लं, कुरकुरीत, मस्त, पण वेटरचा चेहरा असा की आम्ही फुकट जेवायला आलोय.

बरं, मिठी मारली आणि सगळं गोड झालं असंही नाही हं. पोप बेनेडिक्टनी २००८ मध्ये जुन्या लॅटिन पद्धतीची गुड फ्रायडेची ज्यूंसाठीची प्रार्थना बदलली, तरी त्यात ज्यूंनी येशूला तारणहार म्हणून ओळखावं हे राहिलंच, तेव्हा इटलीच्या रब्बींनी २००९ च्या कॅथलिक-ज्यू संवाद दिनावर सरळ बहिष्कार टाकला. २०१० मध्ये तेच बेनेडिक्ट याच सिनेगॉगमध्ये आले. मला तर तो बहिष्कारच जास्त आवडला, कारण पूर्वी या लोकांना त्या प्रवचनांना न येण्याची सोयच नव्हती.