चिऊचा घास

परवा दुपारी दर्यापूरकडच्या आमच्या घरी ओसरीवर वरणभाताचा कार्यक्रम चालला होता. समोर अडीच वर्षांचा भाचा, हातात ताट घेतलेली ताई. काऊचा घास गेला. ‘‘हा चिऊचा,’’ म्हटल्याबरोबर त्यानं तोंड मिटलं.

‘‘चिऊचा हाये नं? मंग चिऊले दे.’’

बिनतोड. आपण सगळे दुसऱ्याच्या नावचे घास खात मोठे झालो आणि एकानंही ही शंका काढली नाही. खरं तर चिमणी आपल्या पिल्लांना अळ्या-किडे भरवते. वरणभाताची शितं तिला मिळाली तर सांडलेली.

त्या वयात जे लहान आणि उडतं, ते सगळं चिऊ. शिंपी चिऊ, बुलबुलही चिऊच. साळुंकी दिवसभर अंगणात भांडत हिंडते, पण तिला ना लाडाचं नाव, ना कोणी ताई म्हणत. याचा मला उगाच राग येतो.

आणि चिऊचं ताईपण तरी कुठवर? दिवाळीच्या सुमारास जवारीचा दाणा चिकात आला की आजी मला घेऊन माळ्यावर बसायची. हातात गोफण, बाजूला फुटका डबा. थवा कणसांवर उतरला की अख्ख्या शिवारात ऐकू जाईल असं ‘‘हाऽऽ हाऽऽ’’ आणि मागोमाग चिमण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. (ते शब्द इथं नकोत.) सकाळी हीच बाई ‘‘ये वं चिऊताई, दाना खाय, पानी पी’’ म्हणत मला दूधपोळी चारत होती! मी भीत भीत विचारलं, ‘‘आजी, थे आपली चिऊ नोय का?’’

तिनं गोफणीत ढेकूळ बसवलं. ‘‘आपली चिऊ घरी हाये. ह्या तं चिमन्या हायेत.’’

मला पूर्ण पटलं. संध्याकाळी घरी आलो तर आपली चिऊ आरशावर चोची मारत होती. गळ्याखाली काळा डाग. म्हणजे ती ताई नव्हतीच, चिमणा होता, हे फार उशिरा कळलं.

आता त्या वावरात सोयाबीन असतं. माळा नाही, गोफण कुठं गेली कोण जाणे.

ताईनं शेवटी तो घास ओसरीच्या काठावर ठेवला. चिऊ काही आली नाही. शेजारची कोंबडी आली, दोन टोचांत घास संपवून चालती झाली. भाच्यानं टाळ्या पिटल्या, ‘‘चिऊ आली!’’

कोणी दुरुस्त केलं नाही. तोंड उघडलेलं पाहून ताईनं पुढचा घास कोंबला.