आमची वाटचाल: भाड्याच्या सायकलीपासून माउंटन बाइकपर्यंत

नागपूरच्या महाल भागात बाबांनी दुकान टाकलं तेव्हा सायकल म्हणजे काळी, २८ इंची चाकांची, मागे कॅरियर लावलेली. तासाच्या भाड्याने सायकली देणं, पंक्चर काढणं, चाकाचा आऊट काढणं (म्हणजे डोलणारं चाक सरळ करणं) आणि शाळा उघडायच्या आधी ओव्हरहॉलिंग, एवढाच धंदा. गल्ला माझ्याकडे आला तोवर भाड्याच्या सायकली संपल्या होत्या आणि पोरं गिअर मागू लागली होती. आज आमच्याकडे येणारे बरेच जण आयुष्यातली पहिलीच माउंटन बाइक घेत असतात आणि त्यांचं बजेट १५ हजारांच्या आत असतं. हे दुकान मोठं झालं ते याच गिऱ्हाइकावर.

"भाऊ, डबल शॉकअप पाहिजे, डिस्क पाहिजे, २१ गिअर पाहिजे, बजेट मात्र इतकंच." काउंटरवर हे रोज ऐकू येतं. मागणी चुकीची नाही, पण या किमतीतला मागचा शॉकअप म्हणजे एक स्प्रिंग आणि दोन बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या). स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय त्यात नसते. चढावर पायडल मारलं की पायातला जोर चाकाकडे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. वर लोखंडी फ्रेम, वजन १८-१९ किलोच्या घरात. असली सायकल घेऊन सेमिनरी हिल्सचा चढ चढणारा पोरगा दुसऱ्या रविवारी घरीच बसतो. काही दिवसांत बुश घासतात, मागचं चाक डावी-उजवीकडे डोलायला लागतं आणि त्या मापाचे बुश शोधत आम्ही इतवारी पालथी घालतो.

म्हणून आम्ही डबल शॉकअप ठेवणं बंद केलं. एका वितरकाला ते रुचलं नाही. लॉट घ्यायचा तर सगळी मॉडेलं घ्या, असं त्याचं म्हणणं. बाबा तेव्हा दुकानात बसायचे. म्हणाले, "जी आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती विकायची नाही." व्यवहार तिथेच थांबला. त्या वर्षी दिवाळीचा सीझन कोरडा गेला. आम्हाला टिकवलं ते दुरुस्तीने, आणि दुरुस्तीला आलेल्यांनीच पुढे भावा-बहिणींना सायकल घ्यायला आणलं. २०२०च्या लॉकडाउननंतर मागणी इतकी वाढली की सुटे भाग मिळेनात. तेव्हाही जुनी सायकल चालती ठेवण्याचं कामच जास्त केलं.

कमी पैशात काय घ्यावं, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे: साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप. पैसा आधी फ्रेमवर. बाकी सगळं पुढे बदलता येतं, फ्रेम नाही. ॲल्युमिनियमची मिळाली तर उत्तम, पण मापात नसलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा मापातली लोखंडी बरी. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहा. वरची नळी आणि तुम्ही यांच्यात दोन इंच तरी जागा हवी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला बहुधा १७ इंची फ्रेम बसते. "पोरगा वाढतोय, एक साइज मोठी द्या" म्हणणाऱ्या काकांना मी नम्रपणे नाही म्हणतो, कारण ओढाताणीने चालवलेली सायकल पोरगा सोडून देतो.

दुसरी गोष्ट, मागच्या गिअरचा हँगर. डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती वेगळी, स्क्रूने काढता येणारी असावी. सायकल उजव्या अंगावर पडली की तीच वाकते. वेगळी असेल तर काही शे रुपयांत काम भागतं. फ्रेममध्येच असेल तर सरळ करताना तुटायची भीती. गिअर २१ असोत की १८, शिमानो कंपनीच्या टूर्नीसारखा साधा पण सुटे भाग सहज मिळणारा सेट पुरतो. ब्रेकचं म्हणाल तर कोरड्या मुरमाच्या वाटेवर चांगला व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा) हलक्या दर्जाच्या डिस्कपेक्षा बरा. पावसाळ्यात शहराबाहेर काळ्या मातीत घालणार असाल, तर केबलवाली डिस्क घ्या. ती माती रिमला आणि ब्रेकला अशी चिकटते की चाक फिरत नाही.

आणि बाभळीचा काटा! गोरेवाड्याकडून आलेल्या सायकलीत तो हमखास. नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे काट्याचं टोक. ते चिमट्याने काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकू नका.

डब्यातून येते ती सायकल अर्धवट जोडलेली असते, आणि स्वस्त सायकलीत हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, कोन (छर्रे जागेवर धरणारे नट) बहुतेक वेळा नको तितके आवळलेले असतात. आम्ही दोन्ही हब उघडतो, छर्ऱ्यांना नवं ग्रीस भरतो, कोन हाताने फिरवून बसवतो, मग स्पोक एकेक दाबून ताण बघतो. या कामाला वेळ लागतो, म्हणून आमच्याकडे पैसे भरल्या भरल्या सायकल मिळत नाही, दुसऱ्या दिवशी मिळते.

बजेट अगदीच ताणलेलं असेल तर सेकंडहँडचा कोपरा बघा. शिक्षण संपवून शहर सोडणारी हॉस्टेलची मुलं बऱ्यापैकी सायकली विकून जातात. हँडलखालचा वेल्डिंगचा जोड उजेडात नीट तपासा, तिथे केसाएवढी चीर दिसली तरी सोडून द्या. घासलेली चेन बदलता येते, चिरलेली फ्रेम नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १५ हजारांच्या सायकलीमागे नऊशेच्या वर वाचतात. ते हेल्मेटवर घाला, आणि उरले तर पंपावर. नव्या सायकलीचे स्पोक सुरुवातीच्या दिवसांत ढिले पडतात, त्यामुळे महिन्याभराने एकदा दुकानात घेऊन या. आऊट काढून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.