काही त्रास नाही, मॅडम

आमच्या वॉर्डात कुणी बरं व्हायला येत नाही. जो येतो तो आधीच ठणठणीत असतो. तसा असल्याशिवाय त्याला आत घेतच नाहीत. रक्त, लघवी, ईसीजी, छातीची तपासणी, आधीची दुखणी, सुरू असलेल्या गोळ्या असं सगळं चाळून मगच त्याला खाट मिळते. मग त्या धडधाकट माणसाला आम्ही असं औषध देतो, ज्याची त्याला काडीची गरज नसते. त्याचं दुखणं हलकं होणार नसतं, कारण त्याला दुखणंच नसतं. त्याने दिलेला वेळ, टोचून घेतलेल्या सुया आणि पत्करलेला धोका यांतून फायदा झालाच, तर तो पुढे कधीतरी दुसऱ्याच कुणाला तरी होणार असतो. नव्या औषधांच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांमध्ये डॉक्टर म्हणून काम करताना ही गोष्ट मी एक दिवसही विसरू शकत नाही.

त्या वेळी एका नव्या गोळीची चाचणी सुरू होती. माणसाने ती त्याआधी कधीच घेतलेली नव्हती. अशा चाचणीत डोस पायरीपायरीने वाढवतात आणि प्रत्येक पायरीला नवा गट असतो. आमच्या गटात आठ जण होते, सहा औषधाचे आणि दोन प्लॅसिबोचे, म्हणजे औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीचे. कुणाला काय मिळालं हे आम्हालाही माहीत नसतं. आठही जणांना एकाच दिवशी गोळी देत नाहीत. आधी फक्त दोघांना देतात, एकाला औषध आणि एकाला प्लॅसिबो. 24 तास त्यांच्यावर नजर ठेवायची, आणि सगळं ठीक असेल तरच डॉक्टरने सही करून उरलेल्या सहा जणांना गोळी द्यायची.

ही पद्धत उगाच आलेली नाही. 13 मार्च 2006 ला लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातल्या एका केंद्रात टीजीएन1412 नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना सुमारे दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं. प्राण्यांना जो डोस सोसला होता, त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतका तो डोस होता. पहिल्याचा त्रास किती गंभीर आहे हे कळेपर्यंत शेवटच्यालाही औषध देऊन झालं होतं. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. ते वाचले, पण त्यांचे एकामागून एक अवयव निकामी होत गेले होते. एकाला देऊन थांबले असते तर पाच जण या सगळ्यातून सुटले असते.

तिसऱ्या पायरीचे आमचे पहिले दोघे आदल्या सकाळी गोळी घेऊन बसले होते. रात्रभर उपाशी, 240 मिलिलीटर पाण्यासोबत गोळी, मग जीभ उचलून, गाल ताणून तोंड रिकामं असल्याची खात्री, आणि पुढे ठरलेल्या मिनिटाला रक्ताचे नमुने. दिवसभराचे कागद स्वच्छ होते. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर घेतलेल्या बीपीत त्यांपैकी एकाचा आकडा उभं राहिल्यावर पंधराने उतरला होता, पण आमची मर्यादा वीसची होती. दर वेळच्या 'काही त्रास होतोय का' या प्रश्नापुढे दोघांच्याही रकान्यात एकच उत्तर होतं, 'नाही'.

सकाळी उरलेले सहा जण तयार होते. उपाशी होते, हातात रक्त काढायच्या बारीक नळ्या, म्हणजे कॅन्युला, बसवलेल्या होत्या, फार्मासिस्टने सीलबंद डब्या आणून ठेवल्या होत्या. माझी सही तेवढी बाकी होती.

रात्रपाळीच्या सिस्टर ड्युटी संपवून निघाल्या होत्या, पण दारातून परत आल्या. म्हणाल्या, ''मॅडम, कागदावर लिहिण्यासारखं काही नाही, पण तो पहिला मुलगा रात्री बाथरूममधून येताना भिंतीला हात लावून चालत होता. मी विचारलं तर म्हणाला, झोपेत होतो. पण झोपेतला माणूस असा चालत नाही हो.''

त्या मुलाच्या छातीला लावलेल्या मॉनिटरची रात्रीची नोंद मी काढली. आडवा असताना नाडी साठच्या आसपास होती. तो उठल्याच्या प्रत्येक वेळी ती एकशे वीसच्या वर गेली होती आणि खाटेवर परतल्यावर काही मिनिटांत खाली आली होती. मी त्याच्याकडे गेले, दहा मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, 116 वर 72 भरलं. मग त्याला उभं राहायला सांगितलं. तो आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसला, पोटऱ्या घट्ट आवळल्या-सोडल्या आणि मग सावकाश उठू लागला. ते पाहिलं आणि लक्षात आलं, की कालपासून याला काय होतंय ते याला नेमकं ठाऊक आहे आणि त्यावरचा उपायही त्याने स्वतःच शोधून काढलाय. पुन्हा झोपवलं आणि या वेळी सरळ उठायला लावलं. एका मिनिटाने बीपी 90 वर 58 होतं. ओठ पांढरे पडले होते, तरी तोंडातून शब्द आले ते हेच, ''काही त्रास नाही, मॅडम.''

त्याला आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या, सलाइन सुरू केलं. मी स्टूल ओढून बसले आणि त्याच्यावर अजिबात न रागावता विचारलं, ''कधीपासून?''

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, ''काल दुपारपासून. डोळ्यांपुढे अंधारी येते. सांगितलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतं ना. पैसे गेले असते.''

त्याच्या संमतीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी थांबवलं तर पूर्ण मोबदला मिळेल आणि उपचाराचा खर्चही आमच्याकडे राहील. प्रत्येक पानावर त्याची सही होती. त्याने ते वाचलं होतं, पण त्याचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आधी जिथे जिथे काम केलं तिथे 'अर्धवट सोडलं तर पैसे नाहीत' हेच त्याने ऐकलेलं होतं, मग इथे वेगळं काही असेल असं त्याला का वाटावं? मोबदला हा वेळेचा आणि गैरसोयीचा असतो, धोक्याची किंमत म्हणून तो द्यायचा नसतो, हे चाचण्यांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत सगळ्यांना पाठ असतं. पण मोठा हिस्सा शेवटच्या भेटीवर ठेवला, की आपण माणसाला गप्प बसण्याचे पैसे देत असतो. हे माझं ठाम मत आहे आणि ते मी प्रत्येक बैठकीत मांडते.

मी सही केली नाही. स्पॉन्सरला, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या औषध कंपनीला, फोन लावला. पलीकडून आलेले प्रश्न गैर नव्हते. उपवास आणि इतक्यांदा काढलेलं रक्त हे कारण असू शकत नाही का? एकाच माणसाच्या तक्रारीवर आख्खा गट थांबवायचा का? कोड उघडून त्याला औषध मिळालं की प्लॅसिबो ते पाहू या का? मी म्हटलं, कोड उघडायची गरज नाही, त्याला औषध मिळालेलं असो वा प्लॅसिबो, उपचार तेच आहेत. आणि थांबायला एक माणूस पुरतो. फ्रान्समधल्या रेनमध्ये जानेवारी 2016 मध्ये काय झालं हे आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला ठाऊक आहे. बीआयए 10-2474 या औषधाच्या चाचणीतल्या एका स्वयंसेवकाला 10 तारखेच्या संध्याकाळी रुग्णालयात हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच गटातल्या इतरांना पुढचा डोस दिला गेला. तो स्वयंसेवक 17 तारखेला गेला. इतरांपैकीही काहींना मेंदूचा त्रास झाला. ती सकाळ माझ्या वॉर्डात मला नको होती.

सहा जणांच्या कॅन्युला काढल्या आणि त्यांना खाऊ घातलं. त्यांतला एक जण चिडला, ''एकाला चक्कर आली त्यात आमचा काय दोष?'' दोष कुणाचाच नव्हता, हे मी त्याला समजावलं. वॉर्डात राहिलेल्या दिवसांचा मोबदला मिळेल हेही सांगितलं. तो मात्र शेवटपर्यंत नाराजच राहिला, आणि त्याचीही बाजू मला समजते. त्याने कामावरून रजा काढली होती.

पहिल्या मुलाचं बीपी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ववत झालं. त्याला पूर्ण पैसे मिळाले. घरी जाताना त्याने ती रक्कम दोनदा मोजली आणि विचारलं, ''म्हणजे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी एवढेच?'' मी हो म्हटलं. सुरक्षितता समितीने पुढे मधल्या डोसची एक पायरी घातली, उभं राहून बीपी घेण्याच्या वेळा वाढवल्या, आणि खाटेवर बसून वेळ न काढता थेट उठायचं हेही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, लिहून घेतलं. रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी नोंदवहीत 'प्रश्न न विचारता जे दिसलं ते' असा एक मोकळा रकानाही आला. त्यासाठी मला बरंच भांडावं लागलं, कारण मोकळ्या रकान्यातला मजकूर आकड्यांत बसत नाही.

मोबदल्याचा तो परिच्छेद आता संमतीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. तो मी स्वतः मोठ्याने वाचते, मग प्रत्येकाला विचारते, ''तिसऱ्या दिवशी तुम्हाला गरगरलं आणि मी तुम्हाला घरी पाठवलं, तर किती पैसे मिळतील?'' त्याने त्याच्या शब्दांत सांगायचं. बहुतेक जण बरोबर सांगतात. काही जण बरोबर सांगतात, पण खाली मान घालून. त्यांना मी त्या दिवशी सही करू देत नाही. घरी जा, कुणाशी तरी बोला आणि परत या, असं सांगते. काही परत येतात, काही येत नाहीत.