रुग्णवाहिका येईपर्यंत

जर्मनीत गाडी चालवण्याचा परवाना हवा असेल, तर आधी प्रथमोपचाराचा वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. भारतातला परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर डोळ्यांची तपासणी, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा आणि 45 मिनिटांच्या 9 तासिकांचा हा वर्ग, असे सगळे सोपस्कार नव्याने करावे लागतात. स्टुटगार्टच्या आसपास नोकरीसाठी आलेली पुण्या-नाशिककडची मंडळी एखादा शनिवार मोडून हा वर्ग उरकतात आणि कागद फाइलला लावून मोकळी होतात. त्या वर्गात छाती दाबण्याचा सराव असतोच. पण त्याचा रोख मोठ्या माणसांवर आणि रस्त्यावरच्या अपघातांवर असतो. लहान मुलांसाठीच्या प्रथमोपचाराचा वर्ग वेगळा असून तो ऐच्छिक आहे. जर्मन रेड क्रॉस, माल्टेझर, योहानिटर अशा संस्था तो घेतात आणि काही आरोग्य विमा कंपन्या शुल्काचा काही भाग परतही करतात. माझ्या मते सक्तीच करायची, तर घरात मूल असलेल्यांना या दुसऱ्या वर्गाची करायला हवी.

ज्या भागात आम्ही राहतो, तिथे या विषयाला एक दुःखद इतिहास आहे. स्टुटगार्टजवळच्या विनेनडेन या गावात 3 मे 1969 रोजी ब्यॉर्न स्टायगर नावाचा आठ वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावावरून घरी परतताना मोटारीखाली सापडला. लोकांनी लगेच पोलिसांना आणि रेड क्रॉसला कळवले, तरी रुग्णवाहिका पोहोचायला जवळजवळ तास लागला आणि रुग्णालयाच्या वाटेवरच तो गेला. तोही जखमांनी नव्हे, तर अपघाताच्या धक्क्याने शरीराचे रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे. त्याच्या आई-वडिलांनी, उटे आणि झिगफ्रीड स्टायगर यांनी, त्याच वर्षी मुलाच्या नावाने एक प्रतिष्ठान उभारले आणि सरकारचा पिच्छाच पुरवला. 1973 साली 110 आणि 112 हे आपत्कालीन क्रमांक देशभर लागू करण्याचा निर्णय झाला, त्यामागे या दांपत्याचा रेटा होता. आज 112 फिरवला की पलीकडचा माणूस पत्ता विचारून थांबत नाही. गरज असेल तर रुग्णवाहिका निघालेली असतानाच तो बहुतेक ठिकाणी फोनवरून छाती कशी दाबायची हेही सांगू लागतो.

एवढी चोख व्यवस्था असताना आई-वडिलांनी वेगळे काय शिकायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घड्याळात आहे. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की तीन ते पाच मिनिटांत पेशींची हानी सुरू होते, आणि इतक्या वेळात जगातली कोणतीही रुग्णवाहिका दारात पोहोचेल याची खात्री देता येत नाही; हडपसरच्या वाहतुकीत तर नाहीच नाही. लहान मुलांचे अपघात घडतात ते बहुतांशी घरात, न्हाणीघरात, जेवणाच्या टेबलाशी, म्हणजे जिथे डॉक्टर नसतो आणि आई, बाबा किंवा आजी असते तिथे.

दुसरे कारण वैद्यकीय आहे आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडते ते बहुधा हृदयाच्याच बिघाडामुळे. अशा वेळी रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून नुसती छाती दाबत राहिले तरी बराच उपयोग होतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य नागरिकांसाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत सुचवली, ती मोठ्या माणसांच्या बाबतीत योग्यच आहे. मुलांचे मात्र उलटे असते. घशात काही अडकल्याने, बुडाल्याने किंवा फुप्फुसाच्या आजाराने आधी श्वास थांबतो आणि मग हृदय मंदावत थांबते, म्हणजे प्राणवायू आधीच संपलेला असतो. म्हणून युरोपातल्या पद्धतीत मुलाला सुरुवातीलाच पाच श्वास देतात आणि मग 30 वेळा छाती दाबून दोन श्वास, हे चक्र चालू ठेवतात. दाबण्याचा वेग मिनिटाला 100 ते 120 आणि खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी लागते. श्वास देणे जमलेच नाही, तर नुसती छाती दाबणे हे हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा केव्हाही बरे.

वाचताना हे सोपे वाटते. वर्गात तान्ह्या बाळाच्या आकाराचा रबरी पुतळा समोर येतो, तेव्हा खरी अडचण कळते. एक तृतीयांश खोली म्हणजे बाळाच्या बाबतीत सुमारे चार सेंटीमीटर, आणि एवढ्याशा छातीवर दोन्ही अंगठे ठेवून तेवढे दाबायला हात धजावत नाही. आमच्या शिक्षिका प्रत्येकाजवळ येऊन पुतळ्याची छाती पुरेशी आत जाते का ते पाहत होत्या आणि जवळजवळ प्रत्येकाला ‘अजून जोरात’ म्हणत होत्या. श्वास देतानाही तसेच: बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाखाली घ्यायचे, मान मागे न वाकवता सरळ ठेवायची आणि छाती उचललेली दिसेल इतकीच हवा सोडायची. कोणी गाल फुगवून फुंकर घातली, कोणाची हवा बाजूनेच निसटली. व्हिडिओ पाहून यातले काहीही हाताला कळत नाही, आणि पुस्तकी ज्ञानाची इथे डाळ शिजत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो घशात अडकण्याच्या प्रकारावर, आणि तो जायलाच हवा होता. मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकल्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. आवाजच निघत नसेल, चेहरा निळसर पडत असेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घेऊन डोके खाली राहील असे धरायचे, हनुवटीला बोटांचा आधार द्यायचा आणि दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच ठोसे द्यायचे. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर पाच वेळा दाब द्यायचा आणि हेच आळीपाळीने करत राहायचे. पोट दाबण्याची पद्धत एक वर्षावरच्या मुलांसाठी आहे. बाळाच्या पोटातल्या अवयवांना तिने इजा होऊ शकते. मूल बेशुद्ध पडले, तर लगेच श्वास देणे आणि छाती दाबणे सुरू करायचे.

आपल्याकडे अशा वेळी सर्वांत आधी काय होते, तर कोणीतरी घशात बोट घालते. वस्तू डोळ्यांना दिसत नसताना बोट घातले की ती आणखी खोल जाते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे या आपल्या घरातल्या रोजच्या वस्तू लहान मुलांच्या श्वासनलिकेसाठी धोक्याच्या आहेत. दाणे कुटून द्यावेत आणि द्राक्षाचे उभे तुकडे करावेत, एवढे पथ्य पाळायला कोणताही वर्ग लागत नाही.

भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावणे, तापात झटके आल्यावर दातांत चमचा घालणे आणि कांदा हुंगवणे, काही विषारी गिळल्यावर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे, हे सगळे माझ्याही माहेरी प्रेमाने आणि पूर्ण विश्वासाने केले जायचे, पण यातले काहीच करू नये. भाजलेल्या जागेवर दहा ते वीस मिनिटे नळाचे पाणी सोडावे, बर्फ लावू नये. झटके आलेल्या मुलाला घट्ट धरू नये, तोंडात काही घालू नये, झटका सुरू होताच घड्याळ पाहावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि झटका थांबल्यावर त्याला कुशीवर वळवावे. पाच मिनिटांनंतरही झटका चालू असेल, तर रुग्णवाहिका बोलवावीच.

कायद्याच्या बाबतीत दोन देशांचा स्वभाव वेगळा दिसतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम 323क प्रमाणे अपघातात सापडलेल्याला शक्य असूनही मदत न करणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. भारतात मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेले कलम 134अ मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. म्हणजे रस्त्यावरच्या अपघातात ‘नसती झंझट मागे लागेल’ ही जुनी सबब आता चालणारी नाही. घरात मात्र सबब सांगायला समोर कोणी नसते.

महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मिळते आणि 112 हा क्रमांकही चालतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. इंडियन रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था भारतात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देतात. वर्ग निवडताना तिथे तान्ह्या बाळाचा पुतळा आहे का आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने सराव करू देतात का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. नुसते भाषण असेल, तर पैसे वाया. आणि आपल्याकडे आई-बाबा कामावर गेल्यावर मूल ज्यांच्याजवळ असते, त्या आजी-आजोबांचे नाव त्याच यादीत घालावे. माझ्या सासूबाई इथे आल्या असताना मी लेकीची बाहुली त्यांच्या हातावर पालथी घालून पाठीत ठोसे द्यायला लावले, तेव्हा ‘लेकराला एवढ्या जोरात मारायचं?’ म्हणून त्या आधी रागावल्या. मग त्यांनी स्वतःच बाहुली पुन्हा उचलली आणि डोके खाली किती झुकवायचे ते विचारले.