यूपीएसची बॅटरी १०० टक्के दिसत होती तरी रॅक बंद पडला – माझा अनुभव

आमच्या सर्व्हर रॅकला (सर्व्हर बसवलेलं कपाट) ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आहे, त्याच्याखाली बॅटरी ट्रे, ट्रेमधे १२ व्होल्ट ९ एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) ६ सीलबंद बॅटऱ्या सिरीजमधे, एकीला एक जोडलेल्या, म्हणजे ७२ व्होल्टची लाइन. डिस्प्लेवर बॅकअप वीस-बावीस मिनिटं दाखवायचा. प्रत्यक्षात लाइट गेली तेव्हा दोन-तीन बीप वाजले आणि सगळा रॅक एकदम बंद. लाइट आल्यावर यूपीएस व्यवस्थित चालू, हिरवा दिवा, बॅटरी १०० टक्के, लोड ४० टक्के, एकही फॉल्ट नाही. डेटाबेसची रिकव्हरी, स्टोरेजचं चेकिंग हे सगळं निस्तरावं लागलंच, पण ते बाजूला ठेवतो, यूपीएसमधली गडबड कशी सापडली तेवढंच लिहितो, कारण असा हिरवा दिवा बघून निश्चिंत असलेले लोक बरेच असतील.

सगळ्यात आधी यूपीएसच्या नेटवर्क कार्डमधला इव्हेंट लॉग काढला. ही सवय खरंच लावून घ्या, कारण यूपीएस बंद-चालू करून बघायच्या नादात काही मॉडेलमधे लॉग पुसला जातो. लॉगमधे ओळी तीनच, बॅटरीवर गेला, लो बॅटरी, आउटपुट बंद, आणि पहिल्या दोन ओळींमधे जेमतेम तीन सेकंद. ओव्हरलोड असता तर तशी नोंद असती आणि लाइट असतानाही कधीतरी बायपासवर (इन्व्हर्टर सोडून थेट मेन्सवर) गेल्याचं दिसलं असतं. पीडीयूची (रॅकमधल्या मशीनना वीज वाटणारी सॉकेटची पट्टी) पिन ढिली असती तर अर्धाच रॅक गेला असता. भरलेली बॅटरी तीन सेकंदांत लो होत नाही, म्हणजे लोड आल्याआल्या व्होल्टेज कोसळलं, दुसरा अर्थच निघत नव्हता.

मग लाइट असताना हे काहीच का दिसलं नाही? तर ऑनलाइन यूपीएसमधे मेन्सचा एसी आधी डीसी होतो आणि त्या डीसीचा इन्व्हर्टर परत एसी करतो, सर्व्हरला कायम हाच एसी मिळतो. बॅटरी बाजूला नुसती फ्लोट चार्जवर, म्हणजे भरलेली राहण्यापुरत्या हलक्या चार्जवर बसलेली असते, तिच्यातून करंट ओढायची वेळ लाइट गेल्यावरच येते. आणि ते १०० टक्के म्हणजे चार्ज, क्षमता नव्हे. म्हातारी झालेली बॅटरी जेवढं मावतं तेवढं भरून घेते आणि १०० टक्केच दाखवते. सेल्फ टेस्ट चालू होती, ती पासही होत होती, पण ती काही सेकंदांची असते आणि आमच्याकडे ती रात्री लोड कमी असताना व्हायची.

आता यूपीएस उघडायचा तर रॅक बंद न करता. आमच्या बहुतेक सर्व्हरला दोन-दोन पॉवर सप्लाय आहेत पण दोन्ही केबल एकाच यूपीएसवर लावलेल्या होत्या, रॅक बसवला गेला तेव्हापासून तशाच. दुसरा पीडीयू थेट मेन्सच्या वेगळ्या सर्किटवर घेतला आणि एकेका सर्व्हरची एक केबल तिकडे हलवली, प्रत्येक वेळी दुसऱ्या पॉवर सप्लायचा दिवा हिरवा आहे हे डोळ्याने बघून मगच पुढची. घाई इथे अजिबात चालत नाही. एका स्विचला एकच पॉवर सप्लाय होता, त्याच्यासाठी थोडा डाउनटाइम मागून घेतला.

ट्रे बाहेर काढायच्या आधी एक सांगतो, ७२ व्होल्ट डीसी म्हणजे खेळणं नाही. यूपीएस मेन्सपासून तोडला तरी बॅटरीची लाइन जिवंतच असते आणि टर्मिनल शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना जागच्या जागी वितळतो. अंगठी-घड्याळ काढून ठेवा, डोळ्याला सेफ्टी चष्मा लावा, इन्सुलेटेड पाने वापरा आणि सगळ्यात आधी मधली एक जोडणी सोडून त्या टोकांना टेप लावा म्हणजे लाइन दोन भागांत तुटते.

मल्टिमीटर लावला तर सहाही बॅटऱ्या चांगल्या! चार्जवरून काढल्या काढल्या रीडिंग फसवं येतं, म्हणून काही तास तशाच ठेवल्या आणि परत मोजलं, तरी १२.७ ते १२.९ व्होल्ट. इथेच बरेच जण थांबतात आणि यूपीएसचा बोर्ड गेला असं ठरवून टाकतात. पण हे मोकळं व्होल्टेज आहे, त्यात करंटच नाही. लोड देऊन बघायलाच पाहिजे, आणि त्यासाठी महागडा टेस्टर लागतो असंही नाही, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, असे दोन बल्ब पॅरलल लावले की नऊच्या आसपास. बल्ब भयंकर तापतात, ते फरशीवर मोकळे ठेवायचे, मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरायच्या आणि मिनिटभर आकड्याकडे बघत राहायचं.

पाच बॅटऱ्या बाराच्या जवळ आल्या आणि तिथे टिकल्या, थोडं उन्नीस-बीस होतं पण चालण्यासारखं. ट्रेमधल्या चौथ्या बॅटरीला बल्ब लावला आणि तो लावता लावता मंद झाला, मीटरवर १२.७ चे ९ झाले, मग ६, आणि आकडा ४ च्या आसपास येऊन थांबला. बल्बमधे नुसती लालसर तार दिसत होती. बल्ब काढला तर थोड्या वेळात तीच बॅटरी परत १२.५ दाखवायला लागली, जणू काही झालंच नाही.

हिशोब तिथेच लागला. १२ व्होल्टच्या बॅटरीचा कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली ती संपली असं मानतात ते व्होल्टेज, साधारण १०.५ धरतात, सहांचा मिळून ६३. पाच चांगल्या बॅटऱ्या लोडखाली ११.८ ने ५९ देत होत्या आणि चौथी ४, बेरीज बरोबर ६३. यूपीएसला एकेक बॅटरी दिसत नाही, त्याला पूर्ण लाइनचं व्होल्टेज दिसतं, त्याने लो बॅटरी म्हणून आउटपुट तोडलं आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं.

चौथीच का गेली याचं उत्तर ट्रेमधेच होतं. ती मधोमध, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या बॅटऱ्या, आणि अंगाला हात लावला तर किंचित फुगलेली. यूपीएसच्या पुढच्या जाळीवर धुळीचा थर होता, वर रॅकमधे रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (जागा झाकणाऱ्या पट्ट्या) नव्हते, त्यामुळे मागची गरम हवा फिरून परत पुढे येत होती. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि तापमान सतत आठ-दहा अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणजे पाच वर्षं म्हणून घेतलेली बॅटरी अडीच वर्षांत संपते. जाळी साफ केली, पॅनल बसवले, आणि ट्रेजवळ एक तापमानाचा सेन्सर लावला.

एकच बॅटरी बदलावी का यावर आमच्यात चर्चा झाली. माझं मत ठाम होतं की सहाही बदलायच्या. सिरीजमधे चार्जर फक्त एकूण व्होल्टेज सांभाळतो, आमच्याकडे ८२ च्या आसपास, ते सहा जणींत कसं वाटलं जाईल हे प्रत्येकीच्या आतल्या स्थितीवर ठरतं. जुन्यात एक नवी घातली की कोणी जास्त चार्ज होते, कोणी अर्धवट राहते आणि काही महिन्यांनी पुढची जाते. एकाच मेकच्या, एकाच बॅचच्या सहा घेतल्या, प्रत्येकीवरचा उत्पादनाचा कोड बघून घेतला कारण गोदामात पडून राहिलेली शिशाची बॅटरी न वापरताही खराब होते. जुन्या रिसायकलिंगला दिल्या, त्या कचऱ्यात टाकायच्या नसतातच.

नव्या बसवल्यावरही डिस्प्लेवर बॅकअप तोच जुना. यूपीएस तो आकडा साठवलेल्या माहितीवरून काढतो, म्हणून बॅटरी बदलल्याची नोंद करून कॅलिब्रेशन करावं लागतं. पूर्ण दिवसभर चार्ज होऊ दिल्या, सर्व्हर मेन्सच्या पीडीयूवरच ठेवले, यूपीएसला १००० वॅटचा हीटर लावला आणि इनपुट तोडून घड्याळ लावून बसलो. लो बॅटरीपर्यंत पंधरा मिनिटांच्या थोडं पुढे गेला. नव्या कोऱ्या बॅटऱ्यांवर पंधरा, मग ते आधीचे वीस-बावीस कुठून आले होते कोण जाणे, पण मला हा मोजलेला आकडा हवा होता कारण पुढचं सगळं त्यावर ठरवायचं होतं.

लाइट गेल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद करायला नट नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, नेटवर्क यूपीएस टूल्स. आधी सगळं लो बॅटरीच्या इशाऱ्यावर होतं, आणि तो इशारा असा तीन सेकंदांत आला तर काहीच बंद होऊ शकत नाही. आता बॅटरीवर दोन मिनिटं झाली की क्रमाने सुरुवात होते, आधी ॲप्लिकेशनच्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), मग डेटाबेस, मग त्या व्हीएम ज्यांच्यावर चालतात ते होस्ट सर्व्हर आणि स्टोरेज सगळ्यात शेवटी. हे सगळं मिळून सहा-सात मिनिटांत होतं, म्हणजे बॅटऱ्या थोड्या जुन्या झाल्या तरी पुरेल.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते. शटडाउन चालू असताना मधेच लाइट आली तर सर्व्हर बंद होऊन तसेच पडून राहतात, कारण त्यांच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. म्हणून शेवटच्या मशीनने यूपीएसला आउटपुट तोडायला सांगायचं, काही सेकंदांनी तो परत चालू होतो, आणि सर्व्हरच्या बायोसमधे (मशीनच्या मूळ सेटिंगमधे) वीज आली की आपोआप चालू व्हा हे सेटिंग करून ठेवायचं. अर्थात ज्या सर्व्हरची दुसरी केबल मेन्सवर आहे त्यांची वीज यूपीएसने आउटपुट तोडलं तरी जात नाही, त्यांच्यासाठी एका छोट्या मशीनवर वेक ऑन लॅनची, म्हणजे नेटवर्कवरून बंद सर्व्हर चालू करणारी स्क्रिप्ट ठेवली. इनपुट काढून, शटडाउनच्या मधेच परत लावून हा प्रकार मुद्दाम करून बघितला, स्टोरेज आधी आलं, मग होस्ट, मग व्हीएम.