बीएमआय २२, तरीही फॅटी लिव्हर: माझा अनुभव

सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलेली. इथवर सगळं सुरळीत. लिव्हर कडक व्हायला लागलंय का, हे बघायला फायब्रोस्कॅन करायचं ठरलं आणि तिथे गाडं अडलं ते एका फॉर्मवर.

काउंटरवरच्या बाईंनी उंची-वजन घालून बीएमआय काढला, २२. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्हाला कशाला हवंय हे?” मी रिपोर्ट पुढे केला. “तपासणीचं कारण डॉक्टरांकडून भरून आणा.” डॉक्टर म्हणाले, “अहो, वजन नॉर्मल, दारू नाही, सोडून द्या.” आणि कारणाचा रकाना कोराच! कोरा रकाना म्हणून फॉर्म परत. त्यात छापील पर्याय दोनच, लठ्ठपणा आणि मद्यपान. “यातलं एक काहीतरी असेलच ना,” असंही ऐकवून झालं. खोटी खूण करायची नव्हती, म्हणून बाकावर बसून राहिलो. लिव्हरचं राहू द्या, ब्लडप्रेशर नक्की वाढलं असेल.

शेवटी दुसरे डॉक्टर गाठले. त्यांनी आधी टेप काढला. कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही मर्यादा. माझे हातपाय काड्या, चरबी सगळी पोटात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, दोन्ही जास्तच; वडिलांना मधुमेह. वजनकाट्याला यातलं काय कळणार? एसजीपीटी (लिव्हरची रक्तचाचणी) मात्र नॉर्मल होतं. “त्यावर विसंबू नका, फॅटी लिव्हर असूनही ते नॉर्मल येतं,” हे त्यांनी बजावलं. दोन्ही पर्याय खोडून शेजारी ‘प्रीडायबेटिस’ (मधुमेहाच्या आधीची पायरी) लिहिलं, शिक्का मारला. फॉर्म निमूटपणे घेतला गेला.

बहिणीचं नेमकं उलटं. बीएमआय ३१, त्यामुळे तिला लिव्हरची भीती घालायला सगळे पुढे. तिचं लिव्हर स्वच्छ निघालं. चरबी मांड्यांवर, शुगर आणि ट्रायग्लिसराइड ठीक. जाडीने धोका वाढतो, यात वाद नाही. पण बारीक माणसाला आपोआप सूट मिळते, हे कुणी ठरवलं?

स्कॅनला काही मिनिटं लागली. ५.४ केपीए (कडकपणा मोजायचं एकक), म्हणजे कडकपणा नाही. हो, आधी किमान तीन तास पोटात काही नको, नाहीतर आकडा उगाच वाढतो. आणि त्याच्याही आधी फिब-४, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा धोका सांगणारा आकडा, काढायला सांगा. वय, एसजीओटी (लिव्हरची आणखी एक रक्तचाचणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावर तो निघतो, १.३ च्या खाली असेल तर बराच दिलासा. माझा कुणी काढलाच नव्हता.

मला वजन ३ ते ५ टक्के उतरवायला सांगितलंय. जाड माणसांना ७ ते १० सांगतात. कंबर कमी व्हायला लागलीय, बरं का.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी न्या. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन यांनीही लिव्हरमध्ये चरबी साठू शकते. मात्र ती मनाने बंद करू नका. थायरॉइडचा रिपोर्टही सोबत असू द्या.